थायरॉईड हार्मोन लिव्हरच्या पेशीत आपोआप शिरतं, हे अजून शिकवतात?

तुम्ही विचारलंय: थायरॉईड हार्मोन स्निग्धात विरघळणारं आहे, म्हणजे ते स्टेरॉइडसारखं मेम्ब्रेनमधून सरळ लिव्हरच्या पेशीत जात असणार, मग ही ट्रान्सपोर्टरची भानगड काय, लिव्हरमध्ये मुख्य ट्रान्सपोर्टर कोणता, आणि फर्स्ट इयरच्या पेपरात काय लिहायचं?

सरळ जात नाही. ट्रान्सपोर्टर, म्हणजे पेशीच्या आवरणातलं (मेम्ब्रेनमधलं) वाहक प्रथिन, लागतोच. पेपरातही हेच लिहायचं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण 'सरळ जात असणार' हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलंय, आणि बोलणारा विद्यार्थी नव्हता, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला परीक्षक होता. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, तेव्हा उत्तर लांबणार. घाई असेल तर खाली शेवटी जा.

१९९० च्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. प्रॅक्टिकल परीक्षेचे दिवस. मी इंटर्नल, दुसऱ्या विद्यापीठातून आलेले एक सर एक्स्टर्नल. सर नावाजलेले, माझ्याहून बरेच ज्येष्ठ, अंगात सफारी, आणि आवाज असा की बाहेर पॅसेजमध्ये नंबराची वाट बघणारी पोरं आतला प्रश्न ऐकून आपापसांत उत्तरं जुळवत. परभणीकडची एक मुलगी आत आली. मराठी माध्यमातली, वर्गात तोंड न उघडणारी, पण वाचलेलं पक्कं. सरांनी हार्मोन्सचं वर्गीकरण विचारलं, ते तिने घडाघडा सांगितलं. मग विचारलं, थायरॉईडचं हार्मोन पेशीत कसं जातं? ती म्हणाली, "कॅरियर मेडिएटेड, सर. एनर्जी लागते." म्हणजे वाहकामार्फत.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कोणी शिकवलं हे?"

तिने माझ्याकडे बघितलं. नको होतं बघायला, पण बघितलं.

"स्टेरॉइड आणि थायरॉईड, दोन्ही लिपोफिलिक. सिम्पल डिफ्युजन. जा, पुस्तक उघडा जरा." म्हणजे वाहकाशिवाय, आपोआप. आणि शीटवर आकडा टाकून मोकळे.

विद्यार्थ्यासमोर परीक्षकांनी वाद घालू नये हा संकेत मला ठाऊक होता. तरी म्हणाले, "सर, तिचं बरोबर आहे." सर हसले. "जेवताना बोलू, मॅडम." पुढचा नंबर आत बोलावला.

आता मला इतकी खात्री का होती, ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे.

पहिलं म्हणजे रेणू बघा. टी४ म्हणजे थायरॉक्सिन हे मुळात अमिनो आम्ल आहे, टायरोसिनपासून झालेलं. आयोडिन लागलेली दोन वलयं तेलकट आहेत, कबूल. पण दुसऱ्या टोकाला अमिनो गट आणि कार्बोक्झिल गट जसेच्या तसे आहेत, आणि रक्ताच्या पीएचला एकावर धन भार असतो, दुसऱ्यावर ऋण. असा रेणू मेम्ब्रेनच्या लिपिडला छान चिकटतो, पण थर ओलांडून आतल्या बाजूला उतरणं त्याला जड जातं. कॉर्टिसॉल या स्टेरॉइड हार्मोनला हे भारित टोकच नाही. मग पुस्तकं दोघांना एका रांगेत का बसवतात? कारण दोघांचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ज्यावर बसून काम करतं ती प्रथिनं, पेशीच्या आत असतात. ते वर्गीकरण रिसेप्टरच्या जागेवरून केलेलं आहे. हार्मोन तिथवर कसं पोचलं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. रिसेप्टर आत आहे, म्हणून हार्मोन आपोआप आत गेलं असणार, ही उडी वाचणारे मारतात आणि शिकवणारे तर त्याहून जास्त मारतात.

दुसरं, मी हे हाताने केलं होतं. नोकरीला लागण्याआधी प्रबंधासाठी रॅटच्या लिव्हरच्या सुट्या पेशी काढायचे. भूल दिलेल्या रॅटचं पोट उघडायचं, पोर्टल व्हेनमध्ये (आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेत) कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घालायचा आणि कॅल्शियम नसलेलं कोमट बफर सोडायचं. तांबूस-तपकिरी लिव्हर बघता बघता फिकं पडतं, पिवळट पांढरं. मग कोलॅजिनेज, म्हणजे पेशी सुट्या करणारं एन्झाइम, सोडायचं. थोड्या वेळाने लिव्हर मऊ पडतं, बोट लावलं तर खळगा तसाच राहतो, तेव्हा थांबायचं. जरा उशीर झाला की पेशी मेल्याच म्हणून समजा. नायलॉनच्या जाळीतून गाळून, अगदी हळू फिरवून, ट्रायपॅन ब्लू घालून बघायचं: निळ्या पडल्या त्या मेल्या. जिवंत पेशींना ऑक्सिजन देत वॉटर बाथमध्ये ठेवायचं आणि किरणोत्सारी आयोडिन-१२५ लावलेलं टी४ घालायचं. ते शिशाच्या डबीत मुंबईहून यायचं. त्याचं अर्धायुष्य साठेक दिवसांचं, म्हणून माल आला की सगळी कामं सोडून त्याच्या मागे लागायचं. आणि टी४ इतकं चिकट की काचेला चिकटतं, प्लॅस्टिकला चिकटतं, टिपच्या आत बसून राहतं. रिकाम्या नळीचं काउंट (किरणोत्साराची मोजणी) आधी वजा केलं नाही, तर पेशींनी घेतलं की नळीने घेतलं हेच कळत नाही. या चिकटपणानेच जुन्या लोकांना फसवलं, असं माझं मत आहे. चिकटलं म्हणजे आत गेलं असं नव्हे.

यातला कळीचा प्रयोग अगदी साधा आहे. किरणोत्सारी टी४ सोबत साधं टी४ भरपूर घाला. नुसतं विरघळून जात असेल तर साध्याच्या असण्या-नसण्याने किरणोत्सारी टी४ च्या आत जाण्यात फरक पडायचं कारण नाही, लिपिडमध्ये जागेची चणचण नसते. प्रत्यक्षात काउंट पडतं. म्हणजे जागा मोजक्या आहेत आणि त्यांच्यासाठी स्पर्धा आहे. मग पेशी बर्फात ठेवा: पृष्ठभागावर चिकटतं तेवढंच, आत फारसं जात नाही. सायनाइडसारखं विष घालून एटीपी, म्हणजे पेशीची वापरायची ऊर्जा, पाडा: प्रवेश मंदावतो. सोडियम-पोटॅशियम पंप बंद करणारं वाबेन घाला: पुन्हा मंदावतो.

यात माझं मोठेपण काही नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एरास्मस विद्यापीठात गेऑर्ग हेनेमान, रूल डॉक्टर, एरिक क्रेनिंग, थिओ व्हिसर या मंडळींनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे सगळं छापून ठेवलं होतं. प्रवेशाच्या दोन वाटा त्यांनी दाखवल्या: एक नॅनोमोलार पातळीवर पकडणारी, घट्ट पण कमी क्षमतेची, दुसरी मायक्रोमोलार पातळीवरची, सैल पण मोठ्या क्षमतेची. मी त्यांच्याच पद्धतीने करत होते. तरी स्वतःच्या गॅमा काउंटरवर आकडा पडताना बघितला की 'सिम्पल डिफ्युजन' हे शब्द पुन्हा तोंडातून निघत नाहीत.

तर, जेवण. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. परीक्षकांचं ठरलेलं ताट. सरांनी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं रॅटमध्ये. रॅटला गॉलब्लॅडरसुद्धा नसतं." हे खरं आहे, नसतं. पण त्याचा इथे काय संबंध?

मग दुसरा मुद्दा आला, आणि तो जरा वजनदार होता. शरीरात रक्तातलं मोकळं (प्रथिनांना न बांधलेलं) हार्मोन वाढवलं की लिव्हरमधलं त्याच प्रमाणात वाढतं, डिफ्युजनला शोभेल असं. मी म्हटलं, सर, रक्तातलं मोकळं टी४ पिकोमोलार पातळीत (नॅनोमोलारच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात) असतं, म्हणजे वाहकाच्या क्षमतेच्या कितीतरी खाली. अशा ठिकाणी कुठलाही वाहक सरळ रेषेतच वागणार. रेषा सरळ आली म्हणून वाहक नाही असं होत नाही. यावर सरांनी पुरी मोडली.

तिसरा मुद्दा मात्र त्यांनी ठेवणीतला काढला. "ठीक आहे. प्रोटीनचं नाव सांगा. जीन सांगा."

नाव नव्हतं. तेव्हा कोणाकडेच नव्हतं. मी म्हटलं, जीन हातात नाही, पण पुरावा आहे. सर म्हणाले, "नाव नाही ते प्रोटीन परीक्षेत नाही." टेबलावरचे दोघे-तिघे हसले. आकडा बदलला नाही. त्या मुलीचं डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं. आता गंमत बघा: तो जीन त्या सुमारास माहीत झालेला होता! एक्स गुणसूत्रावरचा एक ट्रान्सपोर्टरसारखा दिसणारा जीन म्हणून १९९४ मध्येच त्याचं वर्णन आलं होतं; तो नेमकं काय वाहून नेतो, हे फक्त कोणाला माहीत नव्हतं.

मग नावं आली, आणि एकामागून एक आली. १९९९ मध्ये रॉटरडॅमच्याच एडिथ फ्रीसेमा आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंडपेशींत प्रयोग करून दाखवलं की लिव्हरमध्ये पित्तक्षार आत ओढणारं एनटीसीपी हे प्रथिन थायरॉईड हार्मोनचे रेणूही नेतं, आणि ओएटीपी या वाहकांच्या घराण्यातलं एक प्रथिनही नेतं. २००३ मध्ये त्याच गटाने एमसीटी८ हे वाहक प्रथिन दाखवलं. हाच तो १९९४ चा जीन. रॅटच्या एमसीटी८ चा आरएनए बेडकाच्या अंडपेशीत टोचला की टी४ चा आणि टी३ चा (टी४ मधलं एक आयोडिन निघून होणारं हार्मोन) प्रवेश दहापटीच्या घरात वाढतो. २००८ मध्ये एमसीटी१० ची भर पडली, ते टी३ विशेष चांगलं नेतं.

पण सरांना खरं उत्तर दिलं ते २००४ साली, मुलग्यांनी. एमसीटी८ बिघडलेली मुलं. जीन एक्स गुणसूत्रावर, म्हणून आजार मुलग्यांत. मान धरत नाहीत, बसता येत नाही, बोलता येत नाही. अॅलन, हर्नडन आणि डडली यांनी १९४४ साली एका कुटुंबातल्या अशा मुलांचं वर्णन केलं होतं. कारण कळायला साठ वर्षं लागली. या मुलांचं रक्त तपासलं तर टी३ भरपूर वाढलेलं. डिफ्युजनवाल्यांच्या हिशोबाने एवढ्या टी३ मध्ये मेंदू न्हाऊन निघायला हवा. प्रत्यक्षात मेंदू हार्मोनविना उपाशी. आणि लिव्हर? लिव्हर उलट अतिरेकात: एसएचबीजी (लिव्हर बनवतं ते, सेक्स हार्मोन बांधणारं प्रथिन) वाढलेलं, मूल वजन धरत नाही, थायरॉईड वाढलेल्या माणसासारखी लक्षणं. एकाच शरीरात, एकाच रक्तावर एक अवयव उपाशी आणि दुसरा तुडुंब. साध्या डिफ्युजनने हे कसं समजावणार, कोणी सांगावं मला.

तुमच्या 'मुख्य कोणता' या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. माणसाच्या लिव्हरच्या पेशीवर एमसीटी८, एमसीटी१०, एनटीसीपी, ओएटीपी१बी१, ओएटीपी१बी३ असे बरेच आहेत, आणि म्हणूनच एमसीटी८ गेलं तरी त्याचं अडत नाही. मेंदूची तशी सोय नाही. एकच नाव लिहायचं तर एमसीटी८ लिहा, परीक्षकाला तेच हवं असतं. पण लिव्हरपुरता 'मुख्य' हा शब्द वापरू नका. पैकी ओएटीपी१बी१ लक्षात ठेवा, कारण फायनल इयरला तो पुन्हा भेटेल: कोलेस्टेरॉलच्या बऱ्याच स्टॅटिन गोळ्या त्यातून लिव्हरमध्ये जातात, आणि फॅटी लिव्हरच्या पुढच्या टप्प्यासाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं रेस्मेटिरोम हे थायरॉईडसारखं औषधही तोच धरून शिरतं. औषध लिव्हरमध्ये साठावं आणि हृदयाला त्रास होऊ नये, यासाठी कंपन्या कोट्यवधी ओततात, आणि त्यातलं बरंचसं ट्रान्सपोर्टर खरे आहेत या गोष्टीवर उभं आहे.

सर एकदा परिषदेत भेटले, एमसीटी८ नंतर. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "बघा, मी म्हणालो होतो ना, नाव आलं की मान्य करू." असं ते म्हणाले नव्हते. पण वयाचा मान ठेवून मी चहा घेतला. मला स्वतःसाठी काही नको होतं, आकडा मात्र त्या मुलीचा होता.

एक गोष्ट राहिली, ती परीक्षेत विचारत नाहीत पण विचारायला हवी. रक्तातलं टी४ ९९.९७ टक्क्यांच्या आसपास प्रथिनांना बांधलेलं असतं: टीबीजी, ट्रान्सथायरेटिन, अल्ब्युमिन. तिन्ही लिव्हरच बनवतं. विद्यार्थी समजतात की ही प्रथिनं हार्मोनला आत जाऊ देत नाहीत. १९८७ साली कार्ल मेंडेल आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या लिव्हरमधून प्रथिन नसलेल्या द्रावणात टी४ सोडलं, तेव्हा ते पोर्टल बाजूच्या पहिल्या पेशींनीच गट्टम केलं. अल्ब्युमिन घातल्यावर मात्र सगळ्या लोब्यूलभर (लिव्हरच्या छोट्या घटकभर) सारखं वाटलं गेलं. पंगतीत वाढपी नसला आणि पातेलं पहिल्या पानापाशी ठेवलं, तर शेवटच्या पानावर काय उरेल, तसं. लिव्हरच्या सायनुसॉइडला, म्हणजे तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना, भोकं असतात, खाली बेसमेंट मेम्ब्रेन हा आधाराचा थर नसतो, त्यामुळे बांधलेल्या हार्मोनसकट प्लाझ्मा थेट पेशीच्या अंगाला लागतो. तिथे जे सुटेल ते वाहक उचलतो, आणि मागून लगेच पुन्हा सुटतं.

आत गेलेलं टी४ पुढे टाइप १ डिआयोडिनेज या एन्झाइमच्या हाती लागतं, एक आयोडिन निघतं, टी३ तयार होतं. काही केंद्रकात जाऊन बीटा रिसेप्टरला बसतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलणारे एलडीएल रिसेप्टर वाढवतं. म्हणूनच थायरॉईड कमी असलेल्यांचं कोलेस्टेरॉल चढतं. काही टी३ रक्तात परत जातं. काही ग्लुकुरोनाइड, सल्फेट होऊन पित्तात आणि आतड्यात. हे सगळं तुम्हाला येत असणार.

आता शेपटाला बांधलेल्या सूचना. 'एनर्जी लागते' हे त्या मुलीचं उत्तर त्या काळी बरोबर होतं आणि संपूर्ण पेशीबद्दल आजही बरोबर आहे. पण एमसीटी८ स्वतः ना एटीपी वापरतं ना सोडियम, ते फक्त वाट सोपी करून देतं, आणि तेही दोन्ही दिशांनी. एनटीसीपी सोडियमच्या उताराचा फायदा घेतं, आणि तो उतार टिकवायला पंप आणि एटीपी लागतं. तेव्हा 'ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट' असं सरसकट लिहू नका. 'ट्रान्सपोर्टरमार्फत, संपूर्ण पेशीत पाहता ऊर्जेवर अवलंबून' असं लिहा. थोडंसं कुठेतरी विरघळूनही जात असेल, ते मी नाकारत नाही. ते कारभार चालवण्याइतकं नसतं, एवढंच म्हणणं आहे.

दुसरी सूचना घरच्यांसाठी, कारण हे वाचून कोणीतरी रिपोर्ट काढून बसणारच. मोठ्या आजारात, उपासमारीत, आयसीयूत टी३ कमी येतं. त्याचं एक कारण हेच: लिव्हरमधलं एटीपी घटतं, रक्तात बिलिरुबिन आणि फॅटी ॲसिड वाढलेलं असतं, किडनी बंद पडली असेल तर इंडॉक्सिल सल्फेटसारखे पदार्थ साठतात, आणि टी४ चा लिव्हरमधला प्रवेश मंदावतो. टी४ कमी आत गेलं की त्यातून टी३ही कमी बनतं. डिआयोडिनेजचं काम बदलणं हेही कारण आहे, सगळं खापर ट्रान्सपोर्टवर फोडू नका. अशा वेळी नातेवाइकांनी 'थायरॉईड कमी आलंय, गोळी सुरू करा' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये. बहुतेकदा ती नको असते. आणि रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेणाऱ्यांनी यातलं काहीही वाचून आपली गोळी बंद करू नये, तो विषय वेगळा.

पेपरात दहा गुणांना असेल तर अमिनो आम्लाचं भारित टोक, स्पर्धा, एमसीटी८ ची मुलं आणि त्यांचं लिव्हर, या क्रमाने लिहा. एमसीक्यूत थायरॉईड हार्मोन स्टेरॉइडच्या रांगेत का, असं आलं तर 'रिसेप्टर पेशीच्या आत' हा पर्याय डोळे झाकून धरा. 'सिम्पल डिफ्युजन' हाच उत्तरसूचीत बरोबर दाखवला असेल, तर फी भरावी लागली तरी आक्षेप नोंदवा, आणि सोबत काय जोडायचं ते मला विचारा.